जिथे पडला, तिथेच बांधा

मिरज म्हटले की बाहेरगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, सतारी-तंबोरे, दुसरी, दवाखाने. दुसऱ्या गोष्टीचे श्रेय मुख्यतः डॉ. विल्यम वानलेस यांच्याकडे जाते. कॅनडात जन्मलेले हे मिशनरी शल्यविशारद १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. पुढे इथल्याच तरुणांना हाताशी धरून त्यांना वैद्यक शिकवण्याची शाळाही त्यांनी चालवली. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यामुळे सांगली-कोल्हापूरच्या खेड्यांत आणि सीमेपलीकडे बेळगाव-विजापूरच्या बाजूलाही, माणूस जायबंदी झाला की कोणीतरी म्हणायचेच, ‘मिरजेला न्या.’

रुग्णालयांचा इतिहास लिहिला जातो, शस्त्रक्रियांचाही लिहिला जातो. परंतु ‘मिरजेला न्या’ असे कोणी म्हटल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत त्या माणसाचे काय होते, याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. तो सांगण्याचा प्रयत्न आम्ही इथे करणार आहोत. तो शिक्षकांनी वाचावा असे वाटण्याचे कारण साधे आहे. या प्रवासाच्या पहिल्या तासात जखमी माणसाजवळ डॉक्टर नसतो. असतात ती त्याच्या सोबतची माणसे आणि सहल असेल तर नववी-दहावीची मुले.

मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याने निघाले की भोसे गावाजवळ दंडोबाचा डोंगर लागतो. वर झाडी आहे, खडकात कोरलेले देऊळ आहे. आमच्या भागातल्या शाळांच्या किती सहली तिथे गेल्या असतील याची गणती नाही. डोंगर काही फार अवघड नाही. अपघात व्हायला तो अवघड असावा लागतही नाही. पावसाळ्यात शेवाळलेला एक दगड पुरतो. समजा, वाटेत भेटलेला एक प्रौढ गिर्यारोहक असाच पाय घसरून दहा-पंधरा फूट खाली गेला. मांडीत भयंकर वेदना, पाय विचित्र वळलेला. पुढच्या पाच मिनिटांत काय होते, ते आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. दोघे जण काखेत हात घालून त्याला उभा करतात. ‘जरा पाय टाकून बघा,’ असे एक जण म्हणतो. दुसरा पाय चोळू लागतो. तिसरा पाण्याची बाटली तोंडाला लावतो. मग चौघे हातपाय धरून त्याला उचलतात आणि मधला भाग लोंबकळत ठेवून खाली पळत सुटतात.

यांतल्या प्रत्येक कृतीमागे चांगुलपणा आहे. आणि मांडीचे हाड मोडले असेल तर यांतली जवळजवळ प्रत्येक कृती त्या माणसाला मृत्यूच्या थोडे जवळ नेते. हे माणसाला कळायला फार वेळ लागला. गंमत अशी की त्यातला निम्मा भाग फार पूर्वीच कळलेला होता.

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहेत. हाड मोडण्याचे बारा प्रकार आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार तिथे वेगवेगळे सांगितले आहेत. हाड जागेवर बसवल्यावर त्याला आधार कशाचा द्यायचा? मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, साल, वड यांच्या साली आणि वेळूच्या कामट्या. ही यादी औषधांच्या दुकानातली नाही, रानातली आहे. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला यांतली निम्मी झाडे वाटेतच भेटतील. पट्टी किती घट्ट बांधावी याचाही विचार आहे. सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही. फार आवळली तर सूज, वेदना आणि पू होतो. आजच्या प्रथमोपचाराच्या वर्गात हीच दोन वाक्ये जवळजवळ तशीच शिकवतात. मांडी किंवा नडगी मोडलेल्या रुग्णासाठी तर सुश्रुताने ‘कपाटशयन’ सांगितले आहे: रुग्णाला फळीवर निजवायचे आणि पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून तो बांधून ठेवायचा. एकूण पाच ठिकाणी बंध.

मात्र सुश्रुताचा रुग्ण वैद्याच्या घरी पोचलेला आहे. वाटेतल्या माणसाचे काय, हा प्रश्न तिथे फारसा येत नाही. पुढे ही विद्या हाडवैद्यांच्या घराण्यांतून चालत राहिली. त्यांच्यातले काही विलक्षण कुशल होते, काहींनी घट्ट कामट्या बांधून चांगले हात-पाय कुजवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मिरजेसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही परिचयाच्या असतात.

हाडवैद्य फक्त आपल्याकडेच होते असे मात्र नाही. इंग्लंडजवळच्या वेल्समध्ये अँगलसी नावाचे बेट आहे. तिथल्या एका हाडवैद्यांच्या घराण्यात ह्यू ओवेन थॉमस (१८३४ ते १८९१) जन्मला. त्याने रीतसर डॉक्टरी शिकून लिव्हरपूलच्या गोदीतल्या कामगारांमध्ये व्यवसाय केला. दुखावलेल्या सांध्याला विश्रांती हवी, सक्तीची आणि दीर्घ विश्रांती हवी, हे त्याचे ठाम मत होते. मूळच्या क्षयाने किडलेल्या गुडघ्यासाठी त्याने एक साधे उपकरण बनवले: जांघेत बसणारे लोखंडी कडे आणि पायाच्या दोन्ही बाजूंनी जाऊन तळव्याच्या खाली जुळणाऱ्या दोन सळया. पाय त्यात ताणून बांधला की तो हलत नाही. हेच ते ‘थॉमस स्प्लिंट’. थॉमस जिवंत असताना त्याच्या देशातल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. हाडवैद्याच्या पोराचे कोण ऐकणार?

त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स त्याच्याच हाताखाली शिकला. १८८८ पासून मँचेस्टरच्या जहाज-कालव्याचे काम चालू असताना त्या हजारो मजुरांच्या अपघातांची सगळी व्यवस्था या तरुण डॉक्टरकडे होती. कालव्याच्या काठाने त्याने ठिकठिकाणी प्रथमोपचाराच्या जागा आणि रुग्णालये उभी केली. जखमी माणूस आणि शल्यविशारद यांच्यामधला रस्ता हाही वैद्यकाचाच भाग आहे, हे त्याच्या इतके लवकर फार थोड्यांना उमगले होते.

मग १९१४ चे महायुद्ध आले. या युद्धाशी आमच्या भागाचा संबंध वरवरचा नाही. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव सैनिकांच्या संख्येमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. मराठा पलटणींतले शिपाई सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली. हजारो जखमींना नदीपर्यंत आणायला पुरेशा रुग्णगाड्या नव्हत्या. म्हणून सामान वाहायच्या खेचरांच्या लोखंडी गाड्या वापरल्या. त्यांना स्प्रिंगा नव्हत्या. खडबडीत माळावरून अशा गाडीत, मोडलेला पाय नीट न बांधता, मैलोगणती जायचे म्हणजे काय याची कल्पना बैलगाडीत बसलेल्या माणसाला थोडीफार येईल. या हालअपेष्टांची पुढे इंग्लंडमध्ये चौकशी झाली आणि १९१७ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. गाडीच्या स्प्रिंगा हा संसदेत चर्चेचा विषय व्हावा, असे क्वचितच घडते.

फ्रान्समधल्या आघाडीवरही सुरुवातीला चित्र वेगळे नव्हते. मांडीचे हाड मोडलेले शिपाई मोठ्या संख्येने मरत होते आणि पुष्कळसे रुग्णालयात पोचण्याच्या आधी किंवा पोचल्यावर लगेच. रॉबर्ट जोन्सने मामाचे जुने उपकरण पुढे आणले. स्ट्रेचर वाहणाऱ्यांना ते लावायला शिकवले गेले. अंधारातही लावता यावे म्हणून डोळे बांधून सराव करून घेतला गेला. कपडे, बूट न काढता, जखमी जिथे पडला असेल तिथेच स्प्लिंट लावायचे आणि मगच त्याला हलवायचे. १९१७ च्या वसंतात आरासच्या लढाईत असे हजारभर रुग्ण हाताळले गेले. त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण शेकडा १६ च्या आसपास होते. युद्धाच्या आरंभी ते शेकडा ८० होते, असे जोन्स आणि त्यांचे सहकारी सांगत. हा पहिला आकडा नंतरच्या अभ्यासकांना फुगवलेला वाटतो, आणि मधल्या काळात शस्त्रक्रिया व रक्त देण्याच्या पद्धतीही सुधारल्या होत्या. तेव्हा सगळे श्रेय दोन सळयांना देऊ नये. पण फरक मोठा होता याबद्दल दुमत नाही.

असे का व्हावे? मोडलेले हाड म्हणजे काही फुटलेले काळीज नव्हे. मग माणूस मरतो कशाने? हे वर्गात गणिताच्या तासाला दाखवता येते, म्हणून जरा थांबू.

मांडीचे स्नायू शरीरातल्या सर्वांत दणकट स्नायूंपैकी आहेत. हाड शाबूत असते तोवर ते या स्नायूंना ताणून धरते. हाड मोडले की स्नायू आखडतात, हाडाची टोके एकमेकांवर चढतात आणि मांडी आखूड होते. मांडी हा ४० सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर त्रिज्येचा नळा माना. त्याच्या वक्र पृष्ठाचे क्षेत्रफळ सुमारे २०१० चौरस सेंटीमीटर आणि घनफळ सुमारे ८०४० घन सेंटीमीटर येते. आता मांडी ४ सेंटीमीटरने आखूड झाली. कातडी आणि तिच्या आतले आवरण तेवढेच राहिले, म्हणजे क्षेत्रफळ तेच. मग त्रिज्या ८.९ सेंटीमीटरच्या जवळ जाते आणि घनफळ होते सुमारे ८९३० घन सेंटीमीटर. जवळजवळ ९०० घन सेंटीमीटरची नवी जागा आत तयार झाली! ही जागा भरायला एकच द्रव हाताशी असतो. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असते पाचेक लिटर. एक-दीड लिटर रक्त मांडीच्या आतच सांडू शकते आणि जमिनीवर एक थेंब दिसत नाही. त्यातच हाडाची धारदार टोके हलत राहिली तर प्रत्येक हिसक्याला नवी रक्तवाहिनी फाटते.

खरी मांडी काही नळा नव्हे आणि हे गणित ढोबळ आहे. तरी ‘उभा करा, पाय टाकून बघा’ या सल्ल्याचा अर्थ त्यावरून लक्षात यावा. विद्यार्थ्यांना हे सांगताना एक इशाराही द्यावा. पाय ओढून ताणणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. मुलांनी करायचे ते एवढेच: जखमी पाय आहे तसा, शेजारच्या चांगल्या पायाला मधे मऊ कापड घालून बांधायचा. निसर्गाने दिलेले हे स्प्लिंट प्रत्येकाजवळ असते.

आता थोडे मागे जाऊ. सामान्य माणसाला, डॉक्टर नसलेल्याला, हे शिकवावे ही कल्पना कोणाची? इथेही लष्करी माणसेच पुढे आहेत. इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशन निघाली आणि १८७८ मध्ये वुलिच येथे पीटर शेफर्ड या लष्करी डॉक्टरने नागरिकांसाठी वर्ग घेतला. ‘फर्स्ट एड’ हा शब्द याच सुमारास रूढ झाला. शेफर्ड पुढच्याच वर्षी, २२ जानेवारी १८७९ रोजी, दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाच्या लढाईत मारला गेला. जर्मनीतल्या कील शहरात फ्रीड्रिख एस्मार्क या नामवंत शल्यविशारदाने थोड्याच दिवसांत असेच वर्ग सुरू केले. एस्मार्कची आठवण आपण ज्या वस्तूने ठेवावी ती म्हणजे त्रिकोणी पट्टी. त्याची युक्ती पाहा: पट्टी कशी बांधायची याची चित्रे त्याने पट्टीवरच छापून घेतली. शिपाई निरक्षर असला तरी त्याच्या खिशातल्या कापडातच त्याचे पुस्तक होते. इतके चांगले शैक्षणिक साधन आम्ही तरी क्वचितच पाहिले आहे. आपल्याकडे ओढणी, उपरणे, फेटा यांच्यापुढे त्रिकोणी पट्टीचे फारसे कौतुक वाटणार नाही. पण त्यांवर चित्रे नसतात, ती डोक्यात असावी लागतात.

जखमींना वाहून नेण्याच्या कामात हिंदी माणसांचे एक मोठे पथक त्याच काळात दिसते. १८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झाल्यावर नाताळमध्ये गांधीजींनी हिंदी रुग्णसेवा पथक उभे केले. सुमारे ११०० माणसे, त्यांतले बहुसंख्य गिरमिटिया मजूर. डॉ. बूथ यांनी त्यांच्या प्रमुखांना जखमींच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. जानेवारी १९०० मध्ये स्पियन कॉपच्या डोंगराळ मुलखातून त्यांनी स्ट्रेचरवरून जखमी वाहिले, कधी दिवसाला वीस-पंचवीस मैल. चाकांना जिथे वाट नव्हती तिथे माणसांचे खांदे हीच रुग्णगाडी होती. सह्याद्रीतल्या कडेपठारांवरही शतकानुशतके हेच चालत आले आहे: डोली, घोंगडी आणि चार खांदेकरी.

१९०८ मध्ये बेडन-पॉवेल यांच्या पुस्तकाने बालवीर चळवळ सुरू झाली आणि जीव वाचवणे हा मुलांच्या अभ्यासाचा विषय ठरला. हिंदुस्थानात सुरुवातीला ही दारे हिंदी मुलांना बंद होती. अ‍ॅनी बेझंट यांनी आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी १९१६ नंतरच्या काही वर्षांत आपल्या मुलांसाठी स्वतंत्र पथके काढली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, या सगळ्या संघटना भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये एकत्र येऊ लागल्या. काठी, दोरी आणि गळ्यातला रुमाल यांच्यापासून स्ट्रेचर करायला आपल्यापैकी अनेक जण तिथेच शिकले असतील.

शिकलेले सगळेच टिकले मात्र नाही. आणि या इतिहासातला हा भाग शिक्षकांना सर्वांत अवघड वाटतो, कारण त्यात आपणच मुलांना शिकवलेल्या गोष्टी आहेत.

बुडालेल्या माणसाला पालथे निजवून, पाठ दाबून, कोपर उचलून श्वास देण्याची होल्गर नील्सन पद्धत १९३२ ची. ती पुष्कळ शाळांतून कवायतीसारखी करून घेतली जाई. १९५० च्या दशकात एलम आणि साफार यांनी प्रयोगांनी दाखवले की तोंडाने दिलेला श्वास तिच्यापेक्षा कितीतरी जास्त हवा फुप्फुसात पोचवतो. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर दाब देऊन थांबलेले रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे प्रसिद्ध केले. एका पिढीत सगळे धडे बदलले.

सापाचे तर विचारूच नका. विसाव्या शतकाच्या आरंभी दंशावर चीर पाडून पोटॅशियम परमँगनेट चोळण्याचा उपाय मोठमोठ्या नावांनी पुरस्कारलेला होता. त्यासाठी ब्लेड आणि स्फटिक ठेवलेली खास डबी निघाली होती. प्राण्यांचे रक्तद्रव वापरून केलेली प्रतिविषे १८९० च्या दशकातच आली होती. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही प्रतिविष तयार झाले. तरी चीर, चोखणे आणि करकचून दोरी हे तीन उपाय पाठ्यपुस्तकांतून बराच काळ हलले नाहीत. घोणस आणि फुरसे यांचे विष दंशाच्या जागची मांसपेशी नासवते. दोरी बांधून ते विष एका जागी कोंडले तर नासाडी वाढते, आणि दोरी एकदम सोडली तर साठलेले विष एकदम अंगात पसरते. आजचा सल्ला जवळजवळ मोडलेल्या पायासारखाच आहे: धीर द्या, तो अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. सापाला मारून सोबत नेण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात दुसऱ्याला दंश होतो.

उलट एक बाद झालेली गोष्ट परत आली. रक्त थांबवायला आवळपट्टी बांधू नये, असे मधली काही दशके आवर्जून सांगत. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांच्या अनुभवानंतर मत बदलले. आधी जखमेवर थेट आणि न सोडता दाब. हातापायातून रक्त तरीही उसळतच राहिले तर रुंद आवळपट्टी, बांधल्याची वेळ लिहून. तेव्हा मुलांना प्रथमोपचार शिकवताना ‘हे अमुक सालापर्यंतचे ज्ञान आहे’ असे सांगायला हरकत नाही. विज्ञानाच्या तासाला ते शोभूनच दिसेल.

रानातला प्रथमोपचार ही वेगळी शाखा मात्र अलीकडची. १९७० च्या दशकात अमेरिकेत तिचे अभ्यासक्रम सुरू झाले. शहरातला प्रथमोपचार धरून चालतो की रुग्णगाडी येईपर्यंतच काय ते सांभाळायचे. डोंगरात ‘येईपर्यंत’ म्हणजे सहा तास असू शकतात आणि रात्र मधे पडू शकते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण ती डांबरी रस्ता संपतो तिथे थांबते. तिथून वरचे काम तरुणांनी केले आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर आणि पोलादपूरकडची ट्रेकर मंडळी, अशी पथके सह्याद्रीच्या धारेवर ठिकठिकाणी उभी राहिली आणि गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने त्यांच्यात समन्वय साधणारे राज्य पातळीवरचे केंद्रही झाले. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली. तीस जण गेले. वाचलेला एकच माणूस वर चढून आल्यावर खबर मिळाली. पावसात, धुक्यात दोर लावून दरीत उतरले ते मुख्यतः हेच ट्रेकर. ऑगस्ट २०२४ मध्ये साताऱ्याजवळ बोरणे घाटात दरीत पडलेल्या तरुणीला होमगार्डने आणि स्थानिकांनी दोराने वर काढले. ती चित्रफीत तर घरोघर पाहिली गेली.

या मंडळींकडे दोर, हार्नेस, स्ट्रेचर असतात. दंडोबावर गेलेल्या वर्गाकडे काय असते? हा प्रश्न आम्ही एका सुट्टीत शिक्षकांच्या छोट्या गटाला विचारला आणि जे दप्तरात सापडेल त्यावर काम करायला सांगितले. जुन्या वर्तमानपत्रांची जाड गुंडाळी करून नडगीला उत्तम आधार मिळाला. लांब दांड्याची छत्रीही चालली. दोन बांबू आणि बटणे लावलेले तीन सदरे यांचे स्ट्रेचर सर्वांत आधी आमच्यातल्याच एका धडधाकट माणसावर तपासले, आणि एक बटण तुटल्यावर सगळ्यांना कळले की घोंगडी बरी. रुग्ण न्यायचा म्हणजे चार जण पुरत नाहीत, हेही तिथेच समजले. खडबडीत उतारावर सहा जण लागतात आणि दर दहा मिनिटांनी खांदे बदलायला आणखी सहा. म्हणजे डोंगरावरून एक माणूस खाली आणायला अर्धा वर्ग हवा.

सर्वांत जास्त चुका गाठींच्या झाल्या. उत्साहाच्या भरात गाठ आवळली जाते. पायाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडा. पांढरे पडलेले नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. न झाले, किंवा बोटे गार पडली, मुंग्या येऊ लागल्या, तर गाठ सैल करायची. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे, कारण सूज वाढत असते आणि सैल बांधलेली पट्टी आपोआप घट्ट होते. सुश्रुताची ती दोन वाक्ये शिक्षकांना या वेळी आठवली. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला बधिरपणा असेल तर मात्र उचलण्याची घाई न करता दोघांना मदत आणायला पाठवायचे, बाकीच्यांनी डोके स्थिर धरून अंगावर पांघरूण घालून थांबायचे. पाणी पाजण्याचा मोह टाळायचा. पुढे भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे.

शेवटचे काम वहीतला एक कागद फाडून करायचे. पडल्याची वेळ, किती उंचीवरून, शुद्ध हरपली होती का, नाडी किती आणि कोणत्या वेळी मोजली, काय बांधले आणि केव्हा, कसली अ‍ॅलर्जी आहे, कोणते औषध चालू आहे. दर पंधरा मिनिटांची नाडी एकाखाली एक लिहिली तर ती चढत चालली आहे का, हे कोणालाही दिसते. आणि चढणारी नाडी म्हणजे आत रक्त सांडत असल्याची पहिली खूण असू शकते. ज्या मुलाचे अक्षर चांगले असेल त्याला हे काम द्यावे. कागद रुग्णाच्या सदऱ्याला टाचणीने लावायचा, म्हणजे खांदे बदलले, गाडी बदलली तरी तो मिरजेच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर जातो.